जवळचं छोटं हॉस्पिटल चांगलं आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

रात्रीचे अडीच वाजलेत. आजोबांच्या छातीत दुखतंय, अंगाला दरदरून घाम फुटलाय. जिल्ह्याचं मोठं हॉस्पिटल ४५ किलोमीटरवर आहे. तालुक्याच्या गावात दोनच पर्याय: एक सरकारी ग्रामीण रुग्णालय आणि एक एसटी स्टँडजवळचं वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. न्यायचं कुठे?

बहुतेक घरांमध्ये हा निर्णय ऐकीव माहितीवर होतो. 'तिथे नको, गेल्या वर्षी काकूंना तिथेच त्रास झाला.' 'त्या डॉक्टरांचा हातगुण चांगला आहे.' 'सरकारीत कोणी बघत नाही.' एखादा मोबाईल काढून रेटिंग बघतो. चार पूर्णांक तीन स्टार. पण हे स्टार देणाऱ्यांपैकी किती जण छातीत दुखतं म्हणून गेले होते आणि किती जण सर्दी-खोकल्यासाठी, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांची चर्चा खूप होते. पण आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला संबंध येतो तो अशाच छोट्या हॉस्पिटलशी. मग त्याचा दर्जा सामान्य माणसाला तपासता येतो का? येतो. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. कुठे बघायचं आणि काय विचारायचं, एवढं माहीत असावं लागतं.

छोटं हॉस्पिटल म्हणजे नेमकं कोणतं?

महाराष्ट्रात सरकारी आरोग्यसेवेची उतरंड ठरलेली आहे. तळाला उपकेंद्र, त्यावर साधारण ३० हजार लोकसंख्येमागे (आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजार) प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय. देशपातळीवर ज्याला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात, ते आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय.

खासगीमध्ये दहा ते पन्नास खाटांची नर्सिंग होम, प्रसूतिगृहं आणि काही ट्रस्टची हॉस्पिटलं येतात. अनेक ठिकाणी पती-पत्नी दोघंही डॉक्टर असतात. खाली हॉस्पिटल, वर घर, अशी रचना असते.

या दोन्हींची मोठी अडचण एकच आहे, ती म्हणजे माणसं. केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकी अहवालानुसार मार्च २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये गरजेच्या तुलनेत जवळपास ८० टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी होते. म्हणजे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ अशा पाच जागांपैकी चार जागांवर माणूसच नाही. त्यामुळे इमारतीवरच्या पाटीत काय लिहिलंय, यापेक्षा आज आत कोण हजर आहे, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

दर्जा मोजायचा कसा, हे आधी कोणी सांगितलं?

लेबनॉनमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले डॉक्टर अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये एक लेख लिहिला. वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन बाजूंनी बघता येतो, असं त्यांनी मांडलं. आजही जगभरात हॉस्पिटलांचं मूल्यमापन याच चौकटीत होतं.

पहिली बाजू रचनेची. इमारत, खाटा, उपकरणं, औषधं, डॉक्टर, नर्स. थोडक्यात, हॉस्पिटलकडे काय आहे?

दुसरी बाजू प्रक्रियेची. रुग्ण आल्यावर प्रत्यक्षात काय केलं जातं? तपासलं का, कधी तपासलं, योग्य औषध योग्य वेळी दिलं का?

तिसरी बाजू परिणामाची. रुग्ण बरा झाला का? जंतुसंसर्ग झाला का? जीव वाचला का?

बाळंतपणाचं उदाहरण घेऊ. प्रसूतिकक्षात बाळाला ऊब देणारं वॉर्मर आहे, ही रचना. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, ही प्रक्रिया. आई आणि बाळ सुखरूप घरी गेले, हा परिणाम.

आपण बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्या बाजूवरच थांबतो. चकचकीत फरशी आणि एसी बघतो, नाहीतर 'तिथे अमुक दगावला' हे ऐकतो. मधली बाजू सुटते. छोट्या हॉस्पिटलबद्दल सगळ्यात जास्त तीच सांगते.

'आमच्याकडे एकही मृत्यू नाही' याचा अर्थ काय?

ही जाहिरात ऐकायला छान वाटते. पण जरा आकडेमोड करून बघू.

२०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले, असं नमुना नोंदणी पाहणीची आकडेवारी सांगते. म्हणजे साधारण तीन हजार बाळंतपणांमागे एक. आता एखाद्या छोट्या प्रसूतिगृहात वर्षाला ३०० बाळंतपणं होत असतील, तर राज्याच्या सरासरीने तिथे एक मातामृत्यू व्हायला दहा वर्षं लागतील.

त्यामुळे पाच वर्षांत एकही मृत्यू नाही, यावरून ते प्रसूतिगृह चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. आणि एक मृत्यू झाला, यावरून ते वाईट आहे असंही सिद्ध होत नाही. आकडा इतका लहान आहे की त्यातून नशीब आणि दर्जा वेगळे काढता येत नाहीत.

दुसरी गोष्ट गंभीर रुग्णांची. छोटं हॉस्पिटल गंभीर रुग्ण मोठ्या ठिकाणी पाठवतं. तिथे तो दगावला, तर मृत्यूची नोंद मोठ्या हॉस्पिटलच्या खात्यावर होते. म्हणून जिल्हा रुग्णालयात मृत्यू जास्त आणि नर्सिंग होममध्ये शून्य, ही तुलनाच चुकीची आहे. ज्याच्या दारात सगळ्यात आजारी माणसं येतात, त्याचे आकडे वाईटच दिसणार.

मग गूगलचे स्टार बघायचे की नाही?

बघा, पण ते काय मोजतात हे लक्षात ठेवून. किती वेळ थांबावं लागलं, रिसेप्शनवर कसं बोलले, संडास स्वच्छ होता का, बिल समजावून सांगितलं का, या गोष्टी रुग्णालाच सगळ्यात चांगल्या कळतात. त्या क्षुल्लकही नाहीत. ज्या हॉस्पिटलबद्दल दहा जण 'बिलात शेवटी भलतेच आकडे आले' असं लिहितात, तिथे सावध राहिलेलं बरं.

पण निदान बरोबर होतं का, अँटिबायोटिकची गरज होती का, हे रुग्णाला सहसा कळत नाही. हे मोजण्यासाठी अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात वेगळी पद्धत वापरली. ठरावीक आजाराची लक्षणं सांगायला शिकवलेली माणसं रुग्ण म्हणून पाठवली. अशा रुग्णाला जे प्रश्न विचारायला हवेत आणि ज्या तपासण्या करायला हव्यात, त्यातल्या साधारण एक तृतीयांशच झाल्या, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं.

याच गटाच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली. सरकारी नोकरीत असलेले तेच डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात रुग्णाला जास्त वेळ देत होते आणि जास्त बारकाईने तपासत होते. डॉक्टरचं ज्ञान बदललं नव्हतं, जागा बदलली होती. म्हणजे चांगला डॉक्टर असणं पुरेसं नाही. त्याच्याकडून चांगलं काम होईल अशी व्यवस्थाही लागते.

भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचा अर्थ काय?

सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'एनक्यूएएस' म्हणतात. ती २०१३ मध्ये आली. उपलब्ध सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, सहायक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम अशा आठ अंगांनी तपासणी होते. बाहेरून आलेले परीक्षक कागद बघतात, कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारतात, रुग्णांशी बोलतात. ठरलेले किमान गुण मिळाले तर तीन वर्षांसाठी प्रमाणपत्र मिळतं.

'कायाकल्प' हा २०१५ पासूनचा पुरस्कार मुख्यतः स्वच्छता आणि जंतुसंसर्ग नियंत्रणासाठी आहे. 'लक्ष्य' हा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम प्रसूतिकक्ष आणि तिथल्या शस्त्रक्रियागृहासाठी आहे.

खासगी हॉस्पिटलसाठी 'एनएबीएच' हे नाव जास्त ऐकू येतं. ही क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची शाखा. पन्नासपर्यंत खाटांच्या छोट्या हॉस्पिटलांसाठी तिची वेगळी मानकं आहेत. शिवाय 'एंट्री लेव्हल' नावाची पहिली पायरीही आहे. म्हणून नुसतं 'एनएबीएच' वाचून थांबू नका. पूर्ण मान्यता आहे की पहिली पायरी, हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या संघटनेचा 'मान्यता' हा उपक्रम आहे. त्यात बाळंतपणाआधी, बाळंतपणात आणि नंतर पाळायची १६ मानकं आहेत.

प्रमाणपत्र असेल तर ते कोणत्या विभागासाठी आहे आणि त्याची मुदत संपलीय का, या दोन गोष्टी बघा. नसेल तर लगेच वाईट शेरा मारू नका. अनेक चांगली छोटी हॉस्पिटलं खर्च आणि कागदपत्रांमुळे या वाटेला जात नाहीत.

नोंदणीचं मात्र तसं नाही, ती हवीच. महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. २०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत सुधारणा झाली. आता रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दारातून आत गेल्यावर या गोष्टी दिसल्या नाहीत, तर तिथूनच प्रश्न विचारायला सुरुवात करता येते.

स्वतः जाऊन काय बघायचं?

घरात कोणी आजारी नसताना, एखाद्या नातेवाइकाला भेटायला किंवा साध्या तपासणीला गेलात की या गोष्टींकडे लक्ष द्या.

१. रात्री कोण असतं? सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. डॉक्टर रात्री हॉस्पिटलमध्ये थांबतात की फोनवर असतात? फोनवर असतील तर किती मिनिटांत पोहोचतात? ड्युटीवरच्या डॉक्टरांची पदवी कोणती? नर्स प्रशिक्षित आणि नोंदणीकृत आहेत की कामावर शिकलेल्या? दिवसा अकराच्या ओपीडीवरून रात्री दोनची कल्पना येत नाही.

२. हात कुठे धुतात? वॉर्डात बेसिन आहे का, नळाला पाणी आहे का, साबण किंवा सॅनिटायझर आहे का? एका रुग्णाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना सिस्टर हात स्वच्छ करतात का? हॉस्पिटलमध्ये लागणारे अनेक जंतुसंसर्ग हातांवरून पसरतात. हे पाच मिनिटं खुर्चीवर बसून कोणालाही बघता येतं.

३. कचऱ्याचे डबे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार प्रकार आहेत. रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. वापरलेली सुई साध्या बादलीत दिसली, तर बाकीच्या शिस्तीबद्दलही शंका घ्यायला जागा आहे.

४. नाव विचारतात का? इंजेक्शन किंवा रक्त देण्याआधी रुग्णाचं पूर्ण नाव विचारून केसपेपरशी ताडून बघणं ही साधी सवय. शेजारच्या खाटेचं औषध चुकून दिलं जाऊ नये म्हणून ती असते.

५. केसपेपर वाचा. नाडी, रक्तदाब, ताप यांच्या नोंदी वेळेसह आहेत का? दर काही तासांनी आहेत की सकाळी एकदाच? सलग आठ वेळा अगदी एकच आकडा दिसला, तर तो मोजलेला नसून उतरवलेला असू शकतो.

६. शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञ कोण? ते पूर्ण वेळ तिथे थांबतात का? जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आहे. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, अ‍ॅलर्जी आहे का, कापूस आणि हत्यारं मोजली का, असे ते मुद्दे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या हॉस्पिटलांत ही यादी वापरून बघितली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. यादी म्हणजे एक कागद. 'तुम्ही ही चेकलिस्ट वापरता का?' एवढंच विचारायचं.

७. रक्त कुठून येतं? प्रसूतिगृह असेल तर हा प्रश्न जिवाचा आहे. सर्वात जवळची रक्तपेढी किंवा रक्त साठवण केंद्र कुठे आहे आणि रात्री तिथून रक्त यायला किती वेळ लागतो, हे आधीच विचारून ठेवा.

८. सिझेरियनचं प्रमाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं, तर खासगीत ४७.४ टक्के. खासगीत अवघडलेल्या केसेस जास्त जात असतील, तरी एवढा फरक त्यातून समजत नाही. 'तुमच्याकडे शंभरातली साधारण किती बाळंतपणं नॉर्मल होतात?' असं विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

९. आग लागली तर? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली आणि १० बाळांचा जीव गेला. हॉस्पिटल लहान असो की मोठं, बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का, तो कुलूपबंद किंवा सामानाने भरलेला तर नाही ना, हे बघा. अग्निशामक नळकांड्यावरची तारीखही वाचा.

'आमच्याकडे नाही, पुढे न्या' हे ऐकल्यावर राग यावा का?

रेफर केलं की नातेवाईक चिडतात. 'जमत नव्हतं तर हॉस्पिटल उघडलं कशाला?' हा संताप समजण्यासारखा आहे. पण चांगल्या छोट्या हॉस्पिटलची एक खूण हीच असते की त्याला स्वतःची मर्यादा माहीत असते.

सुरुवातीच्या आजोबांकडे परत जाऊ. छोट्या हॉस्पिटलमध्ये अँजिओप्लास्टी होत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. अपेक्षा ही आहे की दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा. हार्ट अटॅक असेल तर अ‍ॅस्पिरिन द्यावी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या रुग्णाला चालत असेल तर ते तिथेच सुरू करावं किंवा वेळ न घालवता पुढे पाठवावं. १०८ ला फोन करावा, पुढच्या हॉस्पिटलला कळवावं आणि काय केलं, किती वाजता केलं, हे लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. हे सगळं झालं, तर त्या हॉस्पिटलने आपलं काम चोख केलं.

याउलट दोन प्रकार धोक्याचे. एक, काहीही न तपासता दारातूनच परत पाठवणं. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. दुसरा, झेपत नसताना रुग्णाला दोन दिवस धरून ठेवणं आणि हाताबाहेर गेल्यावर पाठवणं. दुसरा प्रकार लवकर लक्षात येत नाही, कारण त्या दोन दिवसांत सलाईन चालू असतं आणि 'उपचार सुरू आहेत' असं वाटत राहतं.

कमी साधनांत चांगला दर्जा शक्य आहे का?

सर्पदंशाचं उदाहरण बघा. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठायचं थांबू शकतं. हे तपासायला महागडं मशीन लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग ट्यूब तिरकी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष लागणार. अट एवढीच की ट्यूब काचेची हवी आणि डिटर्जंटने धुतलेली नको, नाहीतर चाचणी चुकते. ज्या ग्रामीण रुग्णालयात अशी ट्यूब, घड्याळाकडे लक्ष ठेवणारी सिस्टर आणि कपाटात प्रतिविष आहे, तिथे चार रिकाम्या व्हेंटिलेटरपेक्षा जास्त जीव वाचू शकतात.

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं कामही हेच सांगतं. कोकणात विंचूदंशाने माणसं दगावत होती. त्यांनी छोट्या ठिकाणी राहून रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून प्रॅझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीचा उपयोग पुढे आला आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने कमी झालं. 'द लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचं संशोधन छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या कामाच्या मुळाशी होतं ते बारकाईने बघणं आणि लिहून ठेवणं.

गावाने मिळून तपासणी करता येते का?

महाराष्ट्रात हे झालेलं आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या पाच जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती.

गावकरी, कार्यकर्ते आणि लोकप्रतिनिधी यांच्या समित्या आरोग्य केंद्रात जाऊन ठरावीक प्रश्नांची उत्तरं शोधायच्या. डॉक्टर मुक्कामी आहेत का? औषधं बाहेरून आणायला सांगतात का? बाळंतपणासाठी पैसे मागतात का? उत्तरांवरून प्रगतिपुस्तक तयार व्हायचं. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडलं जायचं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्यालाही लाल रंग कळतो, ही या पद्धतीची ताकद होती.

आजही ग्रामीण रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. आपल्या तालुक्याच्या समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली आणि निधी कशावर खर्च झाला, हे माहिती अधिकाराखाली मागता येतं. भूलतज्ज्ञांचं पद किती महिने रिकामं आहे, हेही.

चूक झालीय असं वाटलं तर?

आधी कागद हातात घ्या. वैद्यक व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

मग हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार. तिथे दाद मिळाली नाही तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाता येतं. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोकळा केला आहे. तिथे साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, अशी रुग्णालयं मात्र ग्राहक कायद्याच्या बाहेर राहतात.

वॉर्डात आरडाओरडा किंवा तोडफोड केल्याने यातलं काहीही हाती लागत नाही. उलट जो डॉक्टर खेड्यात राहायला तयार होता, तोही जातो.

मग आजोबांना कुठे न्यायचं?

याचं उत्तर रात्री अडीच वाजता शोधायला गेलात तर हातगुण, स्टार आणि काकूंचा अनुभव यापलीकडे काहीच नसतं. तेव्हा चौकशीला वेळ नसतो आणि डोकंही ठिकाणावर नसतं.

म्हणून ही चौकशी दिवसाउजेडी करून ठेवायची. तालुक्यातल्या दोन-तीन हॉस्पिटलांना एकेक फेरी मारा. ईसीजी मशीन चालू आहे का, रात्री कोण थांबतं, सर्पदंशाचं प्रतिविष आहे का, बाळंतपणात रक्त लागलं तर कुठून येतं आणि गंभीर रुग्ण कुठे आणि कसा पाठवतात, हे पाच प्रश्न विचारा. उत्तरं एका कागदावर लिहा. छातीत दुखलं तर कुठे, साप चावला तर कुठे, बाळंतपणाला कुठे, अशा तीन ओळी त्यातून तयार होतील. प्रत्येक ओळीसमोर वेगळं नाव येऊ शकतं.

तो कागद फ्रिजवर चिकटवा, घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि वर्षातून एकदा पुन्हा विचारून बघा. छोट्या हॉस्पिटलमध्ये एक डॉक्टर किंवा एक अनुभवी सिस्टर सोडून गेली, तरी मागच्या वर्षीचं उत्तर यंदा खरं राहत नाही.